नोंद हरवता कामा नये

प्रिय बाळ,

पुण्यातल्या कंपनीची ऑफर हातात असताना सांगलीला, विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कंत्राटी ॲप डेव्हलपर म्हणून जावं का, असं तू विचारलंस. घरच्यांचं म्हणणंही सविस्तर लिहिलंस. माझं मत सरळ सांगतो: जा. फक्त आपण काय अंगावर घेतोय ते नीट समजून जा.

खासगी कंपनीचं ॲप आवडलं नाही तर माणूस ते काढून टाकतो आणि दुसरं घेतो. सरकारी ॲप वापरणाऱ्याला दुसरं मिळत नाही. ई-पीक पाहणी बघ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करायची असं ठरलं. त्याआधी तलाठी भाऊसाहेब ती करायचे. ही नोंद गाव नमुना बाराला जाते आणि सातबाऱ्यावर दिसते. ती नसेल तर हमीभावाची खरेदी, पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, कुठेही माणूस अडू शकतो. सोयाबीन रानात उभं आहे, पण कागदावर रान पडीक आहे, मग त्यानं दाद मागायची कुणाकडे? तू लिहिलेलं एक बटण या सगळ्याच्या मुळाशी असणार आहे. म्हणून या नोकरीत माझ्या लेखी एकच गोष्ट सगळ्यांत वर आहे. लोकांनी केलेली नोंद हरवता कामा नये.

आता हे कामात कसं उतरतं ते सांगतो.

जतचा पूर्व भाग डोळ्यांसमोर आण. किंवा शेजारच्या साताऱ्यातलं कांदाटी खोरं, जिथल्या लोकांचं तापोळ्याकडचं येणंजाणं शिवसागर जलाशयातल्या लाँचवर चालत आलंय. शेतकरी बांधावर उभा आहे. उन्हात स्क्रीन धड दिसत नाही, रेंज नाही. त्यानं गट नंबर निवडला, पीक निवडलं, फोटो काढला, बटण दाबलं. ॲपनं हिरव्या अक्षरांत सांगितलं, 'माहिती जतन झाली'. कुठे झाली? फोनमध्ये की सर्व्हरवर? त्याला वाटतं काम झालं. संध्याकाळी मुलगा फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲपचा डेटा साफ करतो आणि नोंद जाते. दोष कुणाचा? माझ्या मते ते वाक्य लिहिणाऱ्याचा. तिथे दोन वेगळी वाक्यं हवीत. 'फोनमध्ये ठेवली आहे, अजून पाठवायची आहे' आणि 'कार्यालयात पोचली, पोचपावती क्रमांक अमुक'. पहिलं वाक्य हिरव्या रंगात कधीच दाखवू नकोस.

नोंद तयार होते त्याच क्षणी फोनवरच तिला एकमेव क्रमांक दे. रेंज येते-जाते तेव्हा नोंद पोचलेली असते, पण 'पोचली' हे उत्तर वाटेत हरवतं. मग ॲप तीच नोंद पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. सर्व्हरनं क्रमांक बघून ती एकदाच धरायची. फोटो फोनवरच लहान कर आणि आधी मजकूर जाऊ दे, फोटो मागून येईल. जीपीएसचंही तसंच. इंटरनेट नसलं की फोनला आपली जागा शोधायला बराच वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती एरवी नेटवर्कवरून पटकन मिळते. तेवढा वेळ थांबायला सांगणारं स्पष्ट वाक्य स्क्रीनवर असू दे, नाहीतर माणूस फोन हलवत बसतो आणि शेवटी नाद सोडतो.

आणि वेळ दोन्ही साठव, नोंद केल्याची आणि पोचल्याची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बांधावर केलेली नोंद दुसऱ्या दिवशी पोचली तर ती मुदतीत धरायची का? हे ठरवणं तुझं काम नव्हे. पण कुणी ठरवलं नाही तर तुझ्या कोडमधली एक ओळ ते ठरवून मोकळी होते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. असे प्रश्न शोधून काढ, टिपणीवर मांड आणि साहेबांची सही घेऊनच कोडमध्ये उतरव. तोंडी आदेशावर अशी गोष्ट कधीही करू नकोस. साहेबांची बदली होते, कोड तिथेच राहतो.

मराठीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइड आकडे देवनागरीत मांडायला लागतो. स्क्रीनवर ते हवंच आहे. पण आकड्याचा मजकूर करताना लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेच्या पद्धतीनं मांडायचं ते, सांगितला नाही, तर सर्व्हरकडेही अक्षांश '१६.८५' असाच देवनागरीत जातो, आणि पलीकडचा प्रोग्राम त्याला आकडा मानतोच असं नाही. नोंद परत येते. तपासणी करणाऱ्या सगळ्यांचे फोन इंग्रजीत असतात, त्यामुळे कार्यालयात हे कधी दिसत नाही. ज्या माणसानं हौसेनं फोन मराठीत ठेवला, नेमकी त्याचीच नोंद नाकारली जाते. मराठी राज्याच्या ॲपमध्ये हे होता कामा नये. सर्व्हरकडे जाणारा प्रत्येक आकडा फोनच्या भाषेपासून सोडवून पाठव, आणि तुझा स्वतःचा तपासणीचा फोन कायम मराठीत ठेव.

तसंच 'कऱ्हाड'. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आतले संकेत वेगळे. एका पद्धतीनं साठवलेलं गाव दुसऱ्या पद्धतीनं शोधलं की 'माहिती उपलब्ध नाही'. शोधण्याआधी दोन्ही बाजू एका रूपात आणून घे. आणि काही कार्यालयांत युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या याद्या अजून निघतात. त्या बदलून घेतल्यावर जोडाक्षरं मोडतात. ती मशीनवर सोडू नकोस, त्या सजातल्या, म्हणजे त्या तलाठ्याच्या हद्दीतल्या माणसाकडून वाचून घे.

नावांचं तर विचारूच नकोस. सातबाऱ्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, पासबुकात बाळू. आपल्याकडे हे घरोघरी आहे. नाव जुळलं नाही म्हणून माणसाला परस्पर 'अपात्र' ठरवण्याचा अधिकार ॲपला देऊ नकोस. 'तपासणीसाठी' असा टप्पा ठेव, ती यादी तहसीलच्या कुणा माणसासमोर जाऊ दे, आणि अर्ज कुठे थांबलाय ते अर्जदाराला मोबाइलवर कळू दे.

कामाला लागलीस की बैठकांना बोलावतील. 'या योजनेसाठी ॲप करा' असं महिन्याआड कुणीतरी म्हणेल. तेव्हा एकच प्रश्न विचार: हे ॲप आलं की कोणतं रजिस्टर बंद होणार? उत्तर 'कोणतंच नाही' असं आलं तर ते ॲप म्हणजे खालच्या माणसाला दुप्पट काम. अंगणवाडी सेविकांचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. हातात आधीचे कमी मेमरीचे फोन, ते तापायचे, बंद पडायचे, आणि त्यात ॲप इंग्रजीत. सेविकांनी राज्यभर आंदोलन करून फोन सरकारला परत केले. अनेकांनी तेव्हा 'त्यांना तंत्रज्ञान नको आहे' असा अर्थ काढला. मला ते अजिबात मान्य नाही. पोरांची वजनं, आहार, लसीकरण यांच्या नोंदी वर्षानुवर्षं हातानं चोख ठेवणाऱ्या बायका या. त्यांना चालणारं ॲप हवं होतं. तू काही करशील तेव्हा आधी एखाद्या ताईंच्या शेजारी बसून त्यांचं रजिस्टर बघ. रकाने त्यांनी कुठल्या क्रमानं भरलेत ते बघ, तोच क्रम स्क्रीनवर ठेव.

सांगलीत काम करणार म्हणजे पुराचं काम येणारच. २००५, २०१९, २०२१, ही वर्षं तुलाही पाठ असतील. जून उलटला की गावभर एकच विचारणा असते, 'आयर्विनला किती फूट?', म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुराची माहिती देणाऱ्या स्क्रीनवर पातळीइतक्याच मोठ्या अक्षरांत ती किती वाजताची आहे हे लिही. सकाळी सहाचा आकडा दुपारी दोनला ताजा समजून कुणी घरात थांबून राहिलं, तर त्यापेक्षा आकडा नसलेला बरा. माहिती ठरलेल्या वेळेत आली नाही तर ॲपनं स्वतःहून सांगायला हवं की आकडा जुना आहे, कंट्रोल रूमला फोन करा. आणि तो फोन एका बोटात लागला पाहिजे. मान्यवरांचे फोटो असलेलं पहिलं पान पुरात उघडत नाही. वीज गेलेली असते, टॉवर बॅटरीवर असतात, गावातले सगळे एकाच वेळी नेटवर असतात. त्या पानाला मजकूर पुरतो. ॲपसोबत साधा एसएमएसही जाऊ दे, कारण सांगलीच्या जुन्या गावभागातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बटणांचा फोन असतो आणि पाणी त्याच्या दारात सगळ्यांत आधी येतं. फोटो काढून टाका म्हणायला धीर लागेल. तरी म्हण, आणि दोन्ही पानं स्लो नेटवर साहेबांना उघडून दाखव. दाखवल्यावर बहुतेक जण ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. ॲप प्रसिद्ध करण्याआधी सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, यादीवरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. त्रुटी निघतात, दुरुस्ती होते, फेरतपासणी होते. उद्घाटनाची तारीख ठरवताना हा वेळ धरायला लाव. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, तेव्हा कुणी कुणाला कळवायचं हे आधीच लिहून भिंतीवर लाव. प्ले स्टोअरचं खातं कार्यालयाच्या नावावर आणि कार्यालयाच्या ईमेलवर असलं पाहिजे. ॲपवर सही करायची डिजिटल किल्ली आणि तिचा पासवर्ड कुणाच्या ताब्यात आहे हे पहिल्याच दिवशी विचार. ठेकेदाराच्या खात्यावर चढवलेलं ॲप कंत्राट संपलं की अडकून पडतं, आणि नवं ॲप टाका म्हटलं की जुन्या फोनमध्ये पाठवायच्या राहिलेल्या नोंदी तिथेच राहतात. फिरून मूळ मुद्द्याशीच आलो बघ.

लोकांकडून मागायचं तेवढंच माग. पिकाच्या नोंदीला फोनमधले संपर्क लागत नाहीत. लाभार्थ्यांची यादी लावताना मोबाइल आणि आधार क्रमांक उघडे पडले तर खात्यातून पैसे जाणारा माणूस तुझ्याच तालुक्यातला असतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एकदा मुळातून वाच, फार मोठा नाही.

पैशांचं खरं ते सांगतो. करार बहुधा अकरा महिन्यांचा, मानधन पुण्यापेक्षा कमी, कधी उशिरा. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक गाठीला ठेव. एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणक कामं बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, कायम जागांची भरती निघते त्यावर लक्ष ठेव, गेट परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस.

ॲप कोटलिनमध्ये लिहायचं की फ्लटरमध्ये, हा तुझा शेवटचा प्रश्न. तुझ्यानंतर येणाऱ्याला सांगली-मिरजेत बसून जे सांभाळता येईल ते घे. मी असतो तर कोटलिन घेतलं असतं, कारण कॅमेरा, जीपीएस आणि मागून चालणारं अपलोड हेच इथलं निम्मं काम आहे. ज्यात करशील ते २ जीबी रॅमच्या जुन्या फोनवर रोज चालवून बघ. तसा एक फोन मिरज स्टेशनजवळच्या दुकानातून जुना विकत घे, नवा घेऊ नकोस.

रुजू व्हायच्या आधी एक दिवस काढून आटपाडीला किंवा जतला जा. तिथल्या एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रात चालकाला विचारून कोपऱ्यात बस. कितीतरी शेतकरी स्वतः ॲप उघडत नाहीत, ते काउंटरवरच्या पोराकडून करून घेतात. तो पोरगा कुठे अडतो, काय दोनदा टाइप करतो, कुठल्या निरोपाला वैतागतो, सगळं लिहून घे आणि मला पाठव. कार्यालयात कुणाला आधी भेटायचं ते त्यावरून ठरवू.

कळावे.