थकीत कराची मागणी ‘बरोबर आहे’ असे कळवण्यापूर्वी

नमस्कार. आपला प्रश्न वाचला आणि मला २०१९ चा माझा पावसाळा आठवला. सरकारी महाविद्यालयाला फर्निचर पुरवताना आपण पुरवठादाराच्या अर्जात पॅन लिहून दिला, आणि आता आकारणी वर्ष (आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर ज्या वर्षी कर ठरतो ते वर्ष) २०१२-१३ च्या १२,३०० रुपयांच्या आयकर मागणीपोटी यंदाचा परतावा वळता करण्याची सूचना आपल्याला आली आहे. पॅन देण्यातच चूक झाली का, आणि एवढ्याशा रकमेसाठी मान्य म्हणून मोकळे व्हावे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचेही तेच आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्या दुसऱ्या उत्तरासाठी लिहीत आहे.

मी करसल्लागार नाही. इंदूरच्या खजुरी बाजारात अनेक वर्षे स्टेशनरीचा धंदा केलेला मनुष्य आहे. शिवाय एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने मी ज्यांचा उल्लेख करतो ती कलमे जुन्या, १९६१ च्या कायद्यातली आहेत, हे लक्षात ठेवून आपल्या सीएकडून पडताळणी करून घ्यावी.

पॅन न देणे आपल्या हातात नव्हतेच. तो दिला नाही, तर कलम २०६एए प्रमाणे बिलातून साधारणपणे वीस टक्के कर कापला जातो. जीएसटी क्रमांकातही पहिले दोन अंक राज्याचे, आपल्या मध्य प्रदेशचे २३, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे आपला पॅनच. पैसे घेण्यासाठी दिलेला क्रमांक वसुलीलाही उपयोगी पडतो, इतकेच. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे १९९६ च्या एका कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांना त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्याचा करदाता क्रमांक घ्यावाच लागतो, परंतु तो थकबाकी वसूल करण्यासाठी वापरण्याचा हेतू असल्याचे त्या माणसाला सांगणेही बंधनकारक आहे. आपल्याकडच्या पुरवठादाराच्या अर्जावर तशी एक ओळ छापली असती, तर माझ्यासारखे पुष्कळ लोक जुने कागद सांभाळून ठेवते, असे माझे मत आहे.

आता माझी चूक सांगतो. २०१९ साली माझा ३१,२०० रुपयांचा परतावा निघत होता. कलम २४५ ची, म्हणजे परतावा जुन्या थकबाकीत वळता करण्याची, सूचना आली, तिच्यात आकारणी वर्ष २००८-०९ ची १४,६०० रुपयांची मागणी दाखवलेली होती. तशी कोणतीही नोटीस मला पूर्वी मिळाल्याचे आठवत नव्हते. मी आपल्या शहरातल्या एका कार्यालयात, त्याचे नाव घेत नाही, तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा फाइल दुसऱ्या वॉर्डात होती, आणि तिसऱ्यांदा बाबूंनी मान वर न करता सांगितले, ‘पुराना मामला है, हाँ कर दीजिए, बाकी पैसा छूट जाएगा.’ मी घरी येऊन आयकर खात्याच्या पोर्टलवर ‘मागणी बरोबर आहे’ हा पर्याय निवडला. तसे एकदा कळवले की त्याच मागणीला पुढे पोर्टलवरून असहमती दाखवता येत नाही, हे तिथेच लिहिलेले होते आणि मी ते वाचलेही होते. तरी घाई केली.

बाकी पैसा किती सुटला, तर ८३२ रुपये. कलम २२० प्रमाणे थकलेल्या मागणीवर दरमहा एक टक्का व्याज चढते, हे मी धरलेच नव्हते. १०८ महिन्यांचे १५,७६८ रुपये व्याज मुद्दलाहून जास्त झाले होते.

दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी पेटीतून त्या वर्षाचा फॉर्म १६ए, म्हणजे कर कापणाऱ्याने दिलेले कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, निघाला. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. माझ्या ‘बी’च्या जागी तिथे ‘पी’ टंकलेले होते. मी ज्या सरकारी खात्याला कागद पुरवला होता, त्याने कापलेला कर माझ्या नावावर जमाच झाला नव्हता आणि म्हणून ती मागणी उभी राहिली होती. ही पेटी मी दोन महिने आधी उघडली असती, तर असहमती नोंदवून तोच कागद जोडता आला असता. त्यानंतर मात्र कर कापणारे खाते पॅनची चूक सुधारणारे दुरुस्ती-विवरण भरायला तयार होईना, आणि आयकराच्या बाजूने ‘आपणच मान्य केले आहे’ हे एकच उत्तर मिळत राहिले.

सर्वांत जास्त झोंबले ते पुढेच. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या, आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या थकीत मागण्या रद्द करण्याची घोषणा झाली. माझी मागणी त्यात सहज बसली असती, परंतु ती आधीच वसूल झालेली होती, आणि वसूल झालेले पैसे या सवलतीने परत मिळत नाहीत. आपली १२,३०० ची मागणी मर्यादेच्या वर असल्यामुळेच ती शिल्लक राहिली असावी.

आपण असहमतीचा पर्याय निवडून कारण लिहावे आणि सूचनेतली मुदत, जी सहसा २१ दिवसांची असते, चुकवू नये. उत्तर न देणाऱ्याचा परतावा वळता केला जातो. त्या वर्षाचे फॉर्म १६ए आणि २६एएस (आपल्या पॅनवर जमा दिसणाऱ्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) अक्षर न अक्षर ताडून पाहावेत. दोष टीडीएसचा, म्हणजे बिलातून कापलेल्या कराच्या नोंदीचा, निघाला, तर कापणाऱ्याकडून दुरुस्ती करून घेण्याचा मार्ग आता उरलेला नाही, कारण २००७-०८ ते २०१८-१९ या वर्षांची दुरुस्ती-विवरणे ३१ मार्च २०२५ नंतर स्वीकारली जात नाहीत. पण कर कापला गेला असेल, तर तेवढ्यापुरती वसुली आपल्याकडून करता येत नाही, असे कलम २०५ सांगते; तो मुद्दा कापलेल्या रकमेच्या पुराव्यासह मांडावा. सोबत मूळ आदेशाची प्रत आणि तो आपल्याला पोहोचल्याचा पुरावा लेखी मागावा. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१३ च्या निकालात आदेश करदात्याला पोहोचल्याचे दाखवण्याची जबाबदारी खात्यावर टाकली आहे. तोंडी विचारणा मात्र करू नये, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे; आवक शिक्क्याची प्रत हातात आल्याखेरीज खिडकीपासून हलू नये.

सूचनेवर मूळ आदेशाची तारीख आणि मागणीचा क्रमांक छापलेला असतो. त्यातली फक्त तारीख इथे कळवावी. कलम १५४ प्रमाणे मूळ आदेशातली चूक सुधारून घेण्याची चार वर्षांची मुदत कुठून मोजायची, ते त्यावरून पाहता येईल. पॅन मात्र इथे लिहू नये.