फिल्म नंतर बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

स्पाइनची फेलोशिप सुरू होताना कुठली ऑपरेशन्स आधी शिकू, असं विचारलं होतंस. हात बसेल, त्याची मला काळजी नाही. कोणाला टेबलावर घ्यायचं आणि कोणाला औषधं देऊन घरी पाठवायचं, हे मात्र ओपीडीत ठरतं. म्हणून आधी तिथलंच लिहितो.

पुण्यातला पेशंट हल्ली एमआरआय घेऊनच आत येतो. हिंजवडीचा असो की वेल्ह्याचा, खुर्चीत टेकायच्या आत पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "गॅप आलाय." ते पाकीट बाजूला ठेव. कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या फिल्म्सचा एक मोठा आढावा 2015 मध्ये आला होता. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. फिल्मवर काहीतरी सापडणारच. तेच दुखतंय का, हा खरा प्रश्न.

पहिलं विचार, पाय जास्त दुखतो की कंबर? सरकलेल्या गादीचा तुकडा काढला की पायातली कळ बहुधा जाते. नुसत्या कंबरदुखीला तसा भरवसा देता येत नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगायचं असतं. मग चालायला लाव, टाचांवर आणि चवड्यांवर. अंगठा वर उचलायला सांग आणि तू तो खाली दाब. "चप्पल पायातून कधी निसटते, कळतच नाही," असं कोणी म्हणालं की एल-फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस आठव. एल-फोर-एल-फाइव्हमधली गादी मागे सरकली तर बहुधा तीच नस दाबते, पण अगदी कडेला सरकली तर एल-फोरची. हा हिशेब तोंडपाठ हवा. दुखणं उजव्या पायात आणि फिल्मवर गादी डावीकडे, असं असेल तर सुरी उचलायची नाही, नातेवाइकांनी कितीही घाई केली तरी.

1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी गादी आणि पायाच्या कळेचा संबंध नीट मांडला. त्याआधी असे तुकडे गाठ समजून काढले जात. पुढे मायक्रोस्कोप आला, दुर्बीण आली, छेद लहान झाला. (लेझरबद्दल रोज कोणीतरी विचारेल, चिडू नकोस.) पण बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवायच उतरतं. गंमत म्हणजे मोठा निखळलेला तुकडाच पुष्कळदा जास्त विरघळतो.

थांबायचं नाही अशी एक वेळ मात्र असते. दोन्ही पायांत मुंग्या आणि लघवीची तक्रार असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस. बायका हे आपणहून सांगत नाहीत, पुरुषही लाजतात. म्हणून सरळ विचार, "शौचानंतर धुताना हात लागलेला कळतो का? लघवी अडकते का?" लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरलीय ते सोनोग्राफीत बघ, एमआरआय त्याच रात्री करून घे आणि वरिष्ठांना झोपेतून उठव. कण्याच्या खालच्या टोकाची नसांची जुडी दबल्याची ही लक्षणं. ती जास्त वेळ दबून राहिली तर पाय सुधारतात, लघवीवरचा ताबा येईलच असं नाही.

वयस्कर माणसाची गोष्ट निराळी. मंडईत चार पावलं चालली की पाय भरून येतात, हातगाडीवर वाकून टेकलं की बरं वाटतं. हा नसांचा मार्ग अरुंद झाल्याचा प्रकार. नुसतं उभं राहूनही आराम पडत असेल तर पावलावरची नाडी तपास, दोष रक्तवाहिनीत असू शकतो. मार्ग मोकळा करणं हे चांगलं ऑपरेशन आहे. वाद आहे तो स्क्रू-रॉडचा. 2016 मध्ये स्वीडनच्या अभ्यासात, मणका थोडा सरकलेला असला तरी, मार्ग मोकळा करताना फ्यूजनही केल्याने, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडल्याने, दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. त्याच वेळी आलेल्या अमेरिकेतल्या लहान अभ्यासात थोडा दिसला. माझं मत विचारशील तर मणका खरोखर हलतोय हे दिसल्याशिवाय स्क्रू घालू नये. खर्च आणि पुढची दुखणी पेशंटच्याच वाट्याला येतात.

आणि मणक्याचा टीबी विसरू नकोस. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, रात्रीची पाठदुखी दिसली तर आधी नमुना तपासणीला पाठव. तिथे मुख्य उपचार औषधांचाच, तोही दीर्घ काळ. पायातली ताकद जात असेल किंवा कणा वाकत चालला असेल तरच ऑपरेशन.

ऑपरेशन थिएटरबद्दल आज एकच. छेद घेण्याआधी सी-आर्मवर, म्हणजे टेबलाजवळच्या एक्स-रे मशीनवर, मणके स्वतः मोज. काहींचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जुळलेला असतो, तिथे मोजणी चुकते आणि भलतीच गादी उघडली जाते.

तू फोनवर सांगितलेल्या त्या बाईंची फिल्म मी पाहिली. एमआरआय झोपवून काढतात, त्यात मणका सरकतोय का ते नीट कळत नाही. उभं राहून, पुढे आणि मागे वाकून असे एक्स-रे काढून घे आणि रविवारी घेऊन ये. तोवर त्यांना ऑपरेशनची तारीख देऊ नकोस.

कळावे,
तुझे सर