त्याच्या गाडीवर त्याची आई कुठे बसणार?

पत्र:

माझं पलूसला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला मार्क चांगले होते, आता फिजिक्समध्ये कसाबसा पास होतो. दिवसभर वहीत बाईकची चित्रं काढतो, तीही मधला हब नसलेल्या चाकांची, हँडल नसलेली. नाहीतर मोबाइलवर नवीन गॅजेटचे व्हिडिओ. परवा होंडाची एक गाडी दाखवली. ती आपली आपण उभी राहते आणि मालकाच्या मागे चालत येते. मी म्हटलं, ही रस्त्यावर कधी आली का? तर रुसून बसला. बाईक डिझायनर व्हायचं म्हणतो. माझी इच्छा एवढीच की इंजिनिअर व्हावा. माझ्यासारखे त्याचे हात काळे होऊ नयेत म्हणून मी त्याला गॅरेजमध्ये पाऊल ठेवू देत नाही. चित्रं काढून पोट भरतं का, खरं सांगा. वहीच्या दहा पानांचे फोटो सोबत पाठवतो.
— एक वडील, पलूस

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

दहाच्या दहा पानं मी मोठी करून पाहिली. मुलाचा हात चांगला आहे, हे आधी सांगते. रेघ एका दमात जाते, घाबरत नाही. चाकाचा गोल तिरका दिसतो तेव्हा त्याची लंबगोलाकृती बरोबर येते, आणि ती चांगल्या चांगल्यांची चुकते. सातव्या पानावरची गाडी तर मी बराच वेळ बघत बसले.

पण त्याच पानावर मला एक गोष्ट सापडली नाही. मागच्या चाकाला फिरवतं कोण? चेन नाही, बेल्ट नाही, मोटारही दाखवलेली नाही. हब नाही म्हणजे चाक मधून पोकळ. मग त्याला धरायला रिमएवढं मोठं बेअरिंग लागणार. त्या बेअरिंगमध्ये चिखल जाऊ नये म्हणून सील लागणार. ब्रेकची डिस्क कुठे बसवायची, टायर बदलताना काय काय खोलायचं, वजन किती वाढणार? उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती त्या बेअरिंगचं काय करेल, हे मला नेमकं सांगता येणार नाही. तुम्ही मात्र पाच मिनिटांत सांगाल.

म्हणून माझा पहिला सल्ला मुलाला नाही, तुम्हाला आहे. त्याला गॅरेजमध्ये येऊ द्या. हात काळे होऊ नयेत ही तुमची माया मला कळते. पण ज्या कामाचं तो स्वप्न बघतोय त्यातलं निम्मं शिक्षण तुमच्या शटरच्या आत आहे आणि बाहेर फी भरूनही ते सहजी मिळत नाही. रविवारचे दोन तास पुरे. त्याला हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट बदलू दे, मागच्या चाकाचा चिमटा उतरवू दे, शॉकअपचं ऑइल सील त्याच्या हाताने बसू दे.

आता तुमचा प्रश्न, ती गाडी रस्त्यावर कधी आली का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं होतं. ती गाडी म्हणजे होंडाची रायडिंग असिस्ट. २०१७ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात दाखवली होती. नाही, ती शोरूमला आली नाही. पण ती विकण्यासाठी केलेलीच नव्हती. तिच्यामागे एकच प्रश्न होता: माणसाच्या चालीएवढ्या वेगात, सिग्नलला, गर्दीत गाडी कलंडते, ती कलंडणार नाही असं करता येईल का? त्यासाठी त्यांनी आत जड गरगरती चाकं बसवली नाहीत. वेग कमी झाला की पुढच्या शॉकअपचा कोन बदलतो आणि पुढचं चाक बारीक बारीक डावी-उजवीकडे वळत तोल सांभाळतं. वाकडा झालेला शॉकअप सरळ केल्यावर गाडीची चाल कशी बदलते हे तुम्ही कितीदा पाहिलं असेल! मुलगा व्हिडिओत बघतो ती जादू आणि तुम्ही रोज करता ते काम यांचा विषय एकच आहे. त्या संध्याकाळी दोघांनी यावर बोलायचं होतं, ते राहून गेलं. अजून वेळ गेलेली नाही.

काही कॉन्सेप्ट गाड्या, म्हणजे कल्पना दाखवायला केलेले नमुने, खरोखर रस्त्यावर येतात. टीव्हीएसने २०१६ च्या ऑटो एक्स्पोमध्ये अकुला ३१० दाखवली आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिचीच अपाचे आरआर ३१० होऊन ती बाजारात आली. बीएमडब्ल्यूने २०१७ मध्ये कॉन्सेप्ट लिंक नावाची विजेची स्कूटर मांडली, २०२१ मध्ये तिची सीई ०४ झाली. मुलाला या दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा. काय राहिलं, काय गळलं, आणि का? आरसे कुठून उगवले, नंबर प्लेटला जागा कशी केली, सीट का जाड झाली? ही यादी त्याने स्वतः काढली तर शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त शिकेल.

गॅजेटांचंही असंच. सेगवे ही उभं राहून चालवायची दोन चाकांची गाडी २००१ च्या डिसेंबरात आली तेव्हा शहरं बदलतील अशी हवा होती. यंत्र खरोखर अफलातून होतं. पण महाग, जड, आणि फुटपाथवर चालवायची की रस्त्यावर याचाच पत्ता नाही. २०२० मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कल्पना नवीन असणं वेगळं आणि माणसाच्या दिवसात तिला जागा असणं वेगळं.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. बजाजची फ्रीडम १२५, जुलै २०२४ मध्ये आलेली जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल. दिसायला ती काही अवकाशयान नाही. पण सीएनजीची टाकी दुचाकीवर ठेवायची कुठे, हा प्रश्न भल्याभल्यांना अडवणारा होता. त्यांनी दोन किलो गॅसची टाकी सीटखाली आडवी घातली, भोवती जाळीदार फ्रेम बांधली, वर लांबलचक सीट दिली आणि दोन लिटरची पेट्रोलची टाकीही ठेवली. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्याकडे झालेलं हे सगळ्यात धाडसी दुचाकी डिझाइन आहे, आणि त्यातली हुशारी बाहेरून दिसतच नाही. तुमच्याकडे एखादी सर्व्हिसिंगला आली तर मुलाला हाक मारा.

चित्रं काढून पोट भरतं का? नुसती चित्रं काढून, नाही. गाडीचं बाहेरचं रूप ठरवणारे लोक प्रत्येक कंपनीत थोडेच असतात आणि त्या जागांवर देशभरातल्या मुलांचा डोळा असतो. हे त्याला आजच कळू द्या. पण त्या रूपाच्या आसपास खूप काम आहे. दिवे, स्विच, मीटरचा पडदा, सीट, रंग आणि पोत, ॲक्सेसरीज ही सगळी कुणीतरी डिझाइन केलेली असतात. मातीचं मॉडेल करणाऱ्यांचं तर वेगळंच कसब आहे. संगणकाच्या या काळातही नवीन गाडीचं पूर्ण आकाराचं मॉडेल खास मातीत घडवतात. आत सांगाडा, त्यावर फोम, त्यावर तापवून मऊ केलेली माती, मग ती पात्यांनी तासायची. पृष्ठभागावर उजेडाची रेघ कुठे तुटते ते बोटांना डोळ्यांआधी कळावं लागतं. शाडूची मूर्ती घडवणारी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण या धंद्याचं नाव त्यांच्या कानावर कुणी घातलेलं नसतं.

आणि डिझायनर म्हणजे फक्त बाईक असंही नाही. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पट्टा कुठे रुततो, ते बघून नवा पट्टा करणं हेही प्रॉडक्ट डिझाइनच. त्यात जागा जास्त आहेत.

आता रस्ते. बारावीनंतर डिझाइनची चार वर्षांची पदवी, बीडेस. आयआयटी मुंबई युसीड ही परीक्षा घेते. तिच्यातून मुंबई, गुवाहाटी, दिल्ली, हैदराबाद अशा आयआयटींत आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटीत बीडेसला जाता येतं. कुठल्याही शाखेचा बारावीचा मुलगा बसू शकतो, पण संधी दोनच आणि त्या सलग वर्षांच्या, त्यामुळे बारावीच्या वर्षी तयारीनेच बसायचं. परीक्षा जानेवारीत असते, फॉर्म त्याआधी काही महिने निघतात. तिच्यात हाताने चित्र काढण्याचा भाग असतो. दुसरी परीक्षा अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची. ही संस्था १९६१ ची. तिचे दोन टप्पे, आणि दुसऱ्यात मुलांना समोर बसवून हाताने काम करून घेतात. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. पत्रासोबतच्या पानांत शेवटच्या दोन पानांवरची चित्रं एआयने बनवलेली आहेत, लगेच ओळखू येतात. गंमत म्हणून ठीक, पण त्यांना तयारी समजू नका. त्या खोलीत मोबाइल नसतो.

दुसरा रस्ता तुमच्या मनातला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि त्यानंतर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आहे, एमएचटी-सीईटीने तिथे प्रवेश होतो, घरापासून लांब नाही. पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात वाहन डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. एनआयडीचा वाहन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम गांधीनगरला, त्याची प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची. वाहन डिझाइनमध्ये इंजिनिअर मुलगा कमी पडत नाही, उलट त्याच्या रेघेला वजन असतं. माझं मत असं की मुलाने युसीड, एनआयडी आणि सीईटी तिन्ही द्याव्यात. डिझाइनची जागा मिळाली तर तुम्ही अडवू नये. नाही मिळाली तर त्याने मेकॅनिकलला हरल्यासारखं जाऊ नये. दोन्हीकडे फिजिक्स लागणारच आहे. चाक वळताना गाडी का झुकते हे त्याला समजून घ्यायचं असेल तर तो धडा पुस्तकात त्याची वाट बघतोय.

खाजगी डिझाइन कॉलेजांबद्दल सावध करते, कारण माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. एका मुलाला मी माहितीपत्रक बघूनच एका कॉलेजचं नाव सुचवलं. वडिलांनी शेतीवर कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी मी भेटायला गेले तर वर्कशॉपला कुलूप, किल्ली कुणाकडे तेही कुणाला माहीत नाही, मुलं दिवसभर संगणकावर. त्या मुलाची तीन वर्षं मला अजून लागून राहिली आहेत. तेव्हापासून मी सांगते, फी लाखांत असते, तेव्हा आधी जाऊन वर्कशॉप बघा. लाकडाचा भुसा, फोमचे तुकडे, फेकलेली अर्धवट मॉडेल दिसली तर पुढचं बोला. स्वच्छ चकचकीत वर्कशॉप दिसलं तर परत फिरा.

तुमच्या गॅरेजपासून काही किलोमीटरवर किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना लक्षात आलं की त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण यंत्रांचं रेखाटन हाताला बसलं होतं. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, तेव्हा लोकांना पटवण्यात बराच काळ गेला. चित्र, सायकल, नांगर अशी ही वाट आहे. ती तुमच्या गावाजवळून गेलेली आहे, हे मुलाच्या कानावर तुम्ही घालावं, मी नव्हे.

आता एक काम देते, दोघांनी मिळून करायचं. गॅरेजची एक भिंत रिकामी करा. रोज दारात येणारी एखादी साधी शंभर सीसीची गाडी घ्या. टेप आणि ओळंबा घेऊन तिची मापं काढा: दोन्ही चाकांच्या मध्याचं अंतर, सीटची जमिनीपासून उंची, हँडल, सीट आणि फूटरेस्ट यांचा त्रिकोण, पुढच्या शॉकअपचा कोन. मग काळ्या इन्सुलेशन टेपने ती गाडी भिंतीवर पूर्ण आकारात चिकटवा. मोठ्या डिझाइन स्टुडिओंत अशीच टेपने भिंतीवर गाडी काढण्याची पद्धत आहे. टेपचा फायदा असा की उचकटून परत लावता येते. त्यानंतर मुलाने सातव्या पानावरची त्याची गाडी लाल टेपने त्याच चाकांवर बसवायची. तुम्ही शेजारी उभं राहून फक्त विचारायचं: चेन कुठे? पंक्चर कसं काढू? दुधाचे कॅन कुठे अडकवू?

आणि मग त्याच्या आईला बोलवा. ती एका बाजूला बसेल, साडीत. मागे धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकावर किमान निम्म्या भागाला झाकणारं साडी गार्ड, हे आपल्या मोटार वाहन नियमांतच आहे, १९८९ च्या नियम १२३ मध्ये. कॉन्सेप्ट गाडीच्या चित्रांत ते जवळपास कधीच नसतं. त्याच्या सातव्या पानावर तर मागची सीटच नाही.

तिच्यासाठी जागा करताना त्याची रेघ बिघडेल. चिडेल, टेप उचकटेल, परत लावेल. तिसऱ्या-चौथ्या रविवारी जे उभं राहील त्याचा फोटो मला पाठवा. लाल टेप काळ्या टेपपासून कुठे सरकली ते मला बघायचं आहे.