गच्चीवरचं सोलर, शेतावरचं डिझेल इंजिन आणि जुनी मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. यामुळे देशाची तेलाची आयात कमी होते का? (सातारा)

थेट नाही होत. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशावर तयार होते, तेलावर जवळजवळ नाहीच. म्हणून नुसत्या पॅनेलने वाचतो तो कोळसा. कच्चं तेल 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं आणि त्यातलं बरंचसं गाड्या, ट्रक, शेतातली इंजिनं नि जनरेटर यांत जळतं. तुमची वीज यांपैकी कशाची तरी जागा घेईल, तेव्हा तेल वाचेल.

हिशोब करून पाहा. 3 किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी. इलेक्ट्रिक स्कूटरला रोजच्या 25 किलोमीटरसाठी, चार्जिंगमधली घट धरून, 1 युनिट पुरतं. तेवढंच अंतर लिटरला 45 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरने कापलं, तर महिन्याला 16 ते 17 लिटर पेट्रोल लागतं. घरात एक गाडी बदलायची झाली, तर रोज सर्वांत जास्त फिरणारी आधी बदला. रविवारीच बाहेर निघणारी कार बदलून फारसं काही वाचत नाही.

दुसरी जागा स्वयंपाकघर. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो. कुकर, चहा, दूध इंडक्शनवर घेतलं तरी सिलिंडर चांगलाच लांबतो. फक्त 2000 वॅटची शेगडी घेण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा. तो 1 किलोवॅट असेल, तर महावितरणकडे वाढवून घ्या. आणि एक लक्षात ठेवा : लाइट गेली की बॅटरीविना चालणारं ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलर भर उन्हातही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरची रचनाच तशी असते.

प्रश्न : पार्किंगमध्ये 16 अँपिअरचा पॉइंट घेतला, पण कारचं चार्जिंग मध्येच थांबतं. गाडीत दोष आहे का? (ठाणे)

बहुधा वायरिंगमध्ये आहे. कारसोबत येणारा चार्जर तीन-साडेतीन किलोवॅट भार कित्येक तास सलग ओढतो. गिझर तेवढाच भार घेतो, पण अर्ध्या तासात बंद होतो, म्हणून त्याच्या वायरिंगचा कमकुवतपणा दिसत नाही. आधी अर्थिंग तपासा. अर्थिंग नसेल तर चार्जर सुरूच होत नाही किंवा लाल दिवा दाखवतो. मग सॉकेटमागचे स्क्रू पाहा. ते सैल असले की जागा तापते, प्लगची पिन काळी पडते आणि चार्जर तापमान बघून स्वतः थांबतो. मीटरपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) एवढं करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड कधीही लावू नका.

प्रश्न : विहिरीवर 5 एचपीचं डिझेल इंजिन आहे, शेती 4 एकर. सौरपंपाने तेवढंच पाणी मिळेल का? (बीड)

मिळेल, पण तासावर मोजू नका, दिवसावर मोजा. तुमचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल घेतं आणि सुरू केल्यापासून एकसारखं पाणी देतं. सौरपंप सकाळी हळू चालतो, 11 ते 2 जोरात, मग उतरतो. ठिबक असेल तर वरचा किंवा मोठा भाग दुपारच्या या तीन तासांत भिजवा, लहान भाग सकाळी घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पंपाच्या हेडची, म्हणजे पंपाने पाणी किती उंचीपर्यंत ढकलायचं त्याची. मे महिन्यातली पाण्याची पातळी जमिनीखाली किती, तिथून पाणी किती उंच चढवायचं आणि पाइप किती लांब, या तिन्हींवर हेड ठरतं. पावसाळ्यात भरलेली विहीर बघून कमी हेडचा पंप घेतला, तर उन्हाळ्यात पंप फिरताना दिसतो पण दुपारपर्यंत पाइपातून पाणी येत नाही. उगाच जास्त हेडचा घेतला, तर रोजचं पाणी कमी भरतं. अर्ज करण्याआधी उन्हाळ्यातली पातळी दोर टाकून मोजलेली हवी.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अडीच ते पाच एकरांसाठी 5 एचपीचा पंप बसतो. शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. पॅनेलची जागा निवडताना वाढलेला ऊस आणि बांधावरचं झाड विसरू नका. पॅनेल एका साखळीत जोडलेले असल्यामुळे एकावर सावली पडली तरी बाकीच्यांचं उत्पादन घसरतं. पॅनेल भल्या सकाळी धुवा. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर वाळू दिलं की पांढरा थर बसतो आणि तो घासून काढताना काच खराब होते, म्हणून लगेच पुसून घ्या.

प्रश्न : माझी 2012 ची मोटारसायकल ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर कमी मायलेज देते आणि पावसाळ्यात लवकर सुरू होत नाही. (कोल्हापूर)

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणात 6 ते 7 टक्के घट, 50 चे 47 च्या आसपास. त्याहून जास्त पडत असेल, तर एअर फिल्टर, घासणारा ब्रेक, सुकलेली चेन आणि टायरमधली हवा तपासा. कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलवर बेतलेला असतो. स्पार्क प्लग पांढुरका दिसत असेल, तर मेकॅनिककडून मिश्रणात पेट्रोल किंचित वाढवून घ्या. रबरी पाइप आणि ओ-रिंग चिकट किंवा भेगाळलेल्या दिसल्या, तर ई-20 ला चालणाऱ्या बसवा.

पावसाळ्यातल्या त्रासाचं कारण बहुतेक वेळा पाणी. इथेनॉल ओलावा शोषतं. तो ठरावीक प्रमाणाबाहेर गेला, की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि कार्ब्युरेटरला जाणारं पेट्रोल तळाजवळूनच निघतं. कॉकमधून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करा. नुसता तळ काढून उपयोग नाही, कारण वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरा आणि फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करून ठेवा.