कायदा अल्लाहचा, पण शिपाई कोणाचा?

पुणे

प्रिय बेटा,

सलाम आणि दुआ.

तुझे पत्र मिळाले. वसतिगृहातल्या वादात एका मित्राने तुला विचारले की, शरियत लागू व्हावी असे ज्याला वाटत नाही तो मुसलमान कसला. आणि दुसऱ्याने, शरियतच हवी असेल तर अफगाणिस्तानात जा, असे सुनावले. आता तू मला विचारतोस की, नमाज-रोजा पाळणाऱ्या माणसाने अल्लाहचा कायदा हा देशाचा कायदा व्हावा असे न म्हणणे ही ईमानाशी बेईमानी ठरत नाही का. दुसऱ्या मित्राला उत्तर देण्यात वेळ घालवू नकोस. पहिल्याचा प्रश्न खरा आहे, आणि असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आजवर एकच उलटा प्रश्न करीत आलो आहे: लागू करणार कोण?

हा प्रश्न टाळून पुढे जाणाऱ्यांची मला आता चीड येते. भाषण करणाऱ्याच्या तोंडी अल्लाहचे नाव असते. प्रत्यक्षात दारावर येतो तो हवालदार, मसुदा लिहितो तो सचिवालयातला अधिकारी, निकाल देतो तो बदलीवर आलेला न्यायाधीश आणि सही करतो तो सत्ताधारी, ज्याला पुढच्या वर्षीही खुर्चीवर राहायचे असते.

पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी 1980 मध्ये जकातीचा, म्हणजे मुसलमानाने दरवर्षी द्यायच्या धार्मिक दानाचा, अध्यादेश काढला आणि रमजानच्या पहिल्या तारखेला बँकेतल्या बचत खात्यांमधून अडीच टक्के रक्कम परस्पर कापून घेण्याची व्यवस्था केली. शिया समाज इस्लामाबादेत रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या फिकहनुसार, म्हणजे धर्मशास्त्रानुसार, त्या सरकारला जकात वसूल करण्याचा अधिकारच नव्हता, आणि सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. मग काय झाले? रमजान तोंडावर आला की खात्यातून पैसे काढून घेण्याची रीतच पडली, आणि काही सुन्नी खातेदारांनी आपण शिया असल्याची प्रतिज्ञापत्रे बँकेत सादर केली. अल्लाहच्या हुकुमाची अंमलबजावणी करायला निघालेल्या सरकारने माणसांना जकात चुकवायला आणि आपल्या पंथाविषयी खोटे लिहून द्यायला शिकवले. नियत, म्हणजे मनातला हेतू, हा ज्या उपासनेचा पाया, ती खात्यातून वजा करता येत नाही, ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही आजीला कळते. ती एका लष्करशहाला आणि त्याच्या सल्लागार धर्मपंडितांना कळली नाही.

त्याच राजवटीचे 1979 चे हुदूद अध्यादेश, म्हणजे शरियतच्या ठरीव शिक्षांचे कायदे, तू वाचलेले नसशील, तर आधी ते वाच आणि मग वाद घाल. 1983 मध्ये सफिया बीबी नावाच्या दृष्टिहीन मुलीवरच्या बलात्काराची तक्रार न्यायालयात गेली. पुराव्याअभावी आरोपी सुटला. तिचे गर्भारपण मात्र तिच्याविरुद्ध व्यभिचाराचा पुरावा ठरले आणि तिलाच तीन वर्षांची कैद व पंधरा फटके सुनावण्यात आले. देशभर गदारोळ झाल्यावर फेडरल शरियत कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण एकाच शरियतच्या नावाने एक न्यायालय फटके देते आणि दुसरे ते मागे घेते. कुरआनच्या सूरह नूरमध्ये चार साक्षीदारांची अट आली आहे ती स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेणाऱ्याला रोखण्यासाठी, आणि साक्षीदार न आणणाऱ्याला तिथे ऐंशी फटके सांगितले आहेत. तीच अट पोलीस ठाण्याच्या कागदांत शिरल्यावर बाईच्या विरोधात उभी राहिली. बलात्काराचा गुन्हा त्या चौकटीतून बाहेर काढायला 2006 साल उजाडावे लागले.

तुझा मित्र आता म्हणेल की, तो झियाचा दोष, शरियतचा नव्हे. म्हणू दे. मीही तेच म्हणतो आहे! शरियत लागू होते तेव्हा ती कोणा झियाकडूनच लागू होते. फरिश्ते येऊन ठाणी चालवत नाहीत. सुदानमध्ये राष्ट्राध्यक्ष जाफर निमेरी यांनी सप्टेंबर 1983 मध्ये हे कायदे आणले, तेव्हा त्यांची सत्ता डळमळीत झाली होती. त्या कायद्यांना विरोध करणारे महमूद मुहम्मद ताहा हे सत्तरी ओलांडलेले धर्मचिंतक 18 जानेवारी 1985 रोजी धर्मत्यागी ठरवून फासावर चढवले गेले. एप्रिलमध्ये निमेरी पदच्युत झाले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ताहांविरुद्धचा निकाल रद्दबातल ठरवला, ज्याचा ताहांना काडीचाही उपयोग नव्हता.

आपल्या थोरांना हे धोके ठाऊक होते. हनफी पंथ ज्यांच्या नावाने चालतो त्या इमाम अबू हनीफांनी खलिफाचे काझीपद नाकारले आणि त्याबद्दल कैद भोगली. मालिकी पंथाचे इमाम मालिक यांचा ग्रंथ सर्व मुलखांत सक्तीचा करण्याची तयारी खलिफाने दाखवली, तेव्हा वेगवेगळ्या प्रांतांत सहाबांकडून, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांकडून, वेगवेगळे ज्ञान पोहोचले आहे, लोकांना त्यांच्या रीतीवर राहू द्या, असे सांगून त्यांनी नकार दिला, असे परंपरा सांगते. 833 मध्ये खलिफा मामूनने, कुरआन अनादी नसून निर्माण केलेले आहे हे मत सर्व विद्वानांनी मान्य करावे, असा हुकूम काढला. ते न मानणाऱ्या इमाम अहमद इब्न हंबलांना पुढच्या खलिफाच्या काळात फटके खावे लागले. आज कडक अंमलबजावणीची मागणी करणाऱ्यांपैकी कित्येक जण याच इब्न हंबलांचे नाव घेतात. सरकारी धर्माचे वळ ज्याच्या पाठीवर उठले, त्याच्या नावाने सरकारी धर्म मागणाऱ्यांना काय म्हणावे, ते तूच ठरव.

आणि लागू करायची ती कोणाची शरियत? 2017 च्या तिहेरी तलाकवरील निकालाच्या पुष्कळ आधी एक बाई वकिली सल्ल्यासाठी माझ्याकडे आली होती. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर नवऱ्याने तीन ओळींत तीनदा तलाक टंकलिखित करून घेतला होता, खाली नोटरीचा गोल शिक्का होता. नवरा पस्तावला होता आणि इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायची मुदत, संपायला थोडे दिवस उरले होते. प्लास्टिकच्या पिशवीत तिने दोन फतवे जपून आणले होते. हनफी मुफ्तींचा फतवा सांगत होता की तीनही तलाक पडले, आता नवऱ्याबरोबर संसार करणे हराम. अहले हदीस या दुसऱ्या पंथाच्या आलिमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, सांगत होता की एका बैठकीतले तीन म्हणजे एकच, नवरा परत घेऊ शकतो. दोन्ही कागदांवर वर बिस्मिल्लाह होते. सरकारने यातला एक कागद कायदा म्हणून उचलला असता, तर दुसऱ्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा संसार त्या दिवसापासून गुन्हा ठरला असता. म्हणून पुन्हा विचारतो, निवडणार कोण आणि लागू करणार कोण?

माझ्याविषयी तू काहीबाही ऐकले असशील. 22 मार्च 1970 रोजी याच पुण्यात समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा मी शिकत होतो. मंडळातले मित्र मला नमाजी म्हणून हसत आणि जमातीतले लोक दलवाईंचा माणूस म्हणून मला टाळत. माझे थोरले भाऊ माझ्या भूमिकेमुळे अखेरपर्यंत माझ्या घरी जेवले नाहीत, याची खंत मला आजही आहे. पण भूमिका सोडायला हवी होती असे मला कधी वाटले नाही. नमाज मी अल्लाहसाठी पढतो. कोणाच्या तरी परवानगीने किंवा भीतीने पढलो असतो, तर ती त्या माणसाची नमाज झाली असती. धर्मात सक्ती नाही हे कुरआनने सांगितले आहे, आणि ते वाक्य फक्त बिगरमुस्लिमांपुढे भाषणात वापरायचे, घरात मात्र विसरायचे, हा दुटप्पीपणा मला जमला नाही.

धर्मशास्त्र गोठलेले आहे असे मी म्हणत नाही. हनफी फिकहमध्ये बाईला सुटकेची वाट फार अरुंद होती आणि नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी पंजाबात बायका धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कट्टर हनफी आलिमाने मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली, आणि त्यातून पुढे 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. अभ्यासाने आणि समजावणीने हे घडले, कोणाच्या पाठीवर छडी न उगारता.

हाच प्रश्न मी आपल्या सरकारलाही विचारतो, म्हणून मी कोणालाच आवडत नाही. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, त्याचे मी स्वागत केले. 2019 च्या कायद्याने त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, त्याला मी विरोध केला. जो विवाह मोडलाच नाही असे कायदा म्हणतो, त्यातला नवरा तुरुंगात घालून बायकोची पोटगी कोण भरणार?

तू मला विचारलेस की मग शरियतशी निष्ठा दाखवायची तरी कशी. वाद पुरे कर आणि घरातले काम हाती घे. तुझ्या बहिणीचा निकाह ठरला आहे, असे तू पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहेस. फिकहने मान्य केलेली तफवीजची तरतूद आहे: नवऱ्याने दुसरा निकाह केला, खर्च दिला नाही किंवा छळ केला, तर तलाकचा अधिकार बायकोने वापरावा, अशी अट निकाहनाम्यात लिहून घेता येते आणि आपली न्यायालयेही ती मानतात. मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहून घे आणि ती नाममात्र ठेवू नकोस. वरपक्षाला आधी कल्पना दे. ऐन निकाहाच्या वेळी कागद पुढे केलास तर भांडण होईल आणि अट बाजूला पडेल. मसुदा मी या आठवड्यात तयार करून ठेवतो. काझीसाहेबांशी तू स्वतः बोल, आणि त्याआधी अटी तुझ्या बहिणीला वाचून दाखव, कारण सही तिची होणार आहे.

तुझा,
वकीलचाचा