सायलेन्सर बदलल्यापासून क्लासिक 350 रेस सोडली की फटाके फोडते, मेन जेट मोठा टाकू का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. 2014 ची रॉयल एनफील्ड क्लासिक 350, कार्बवाली (कार्ब म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर), कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर लावला, तेव्हापासून रेस सोडली की मागे फटाफट फुटतंय, इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना तर सगळा रस्ता वळून बघतो, आणि मिस्त्री म्हणतोय मेन जेट (कार्बमधला पेट्रोल सोडणारा मुख्य भोकाचा भाग) मोठा टाकल्याशिवाय जाणार नाही. टाकू का?

नाही. निदान आत्ता तरी नाही. रेस पूर्ण सोडलेली असताना मेन जेटमधून जवळपास काही जातच नाही हो, तो कामाला येतो थ्रॉटल पाऊण उघडल्यानंतर. तुमची गाडी फुटतेय ती थ्रॉटल बंद असताना, म्हणजे तेव्हा इंजिन जगतंय पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि त्याच्या मिक्स्चर स्क्रूवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू). तिथे मेन जेट मोठा टाकला तर फटाके तसेच राहतील, वर गाडी टॉपला जड होईल, पेट्रोल जास्त पिईल आणि प्लग काळे पडतील. मग मिस्त्री म्हणेल आता कार्बमधली सुई बदलू. इंदूरमध्ये अशा कितीतरी बुलेट फिरतायत भिया, ज्यांच्या कार्बमध्ये सगळं बदललंय आणि फुटणं मात्र जसंच्या तसं.

आधी हे ठरवा की आवाज येतोय कुठून आणि कधी. पुढे, सीटखालच्या बाजूला कार्बमधून फुसकन् शिंक आल्यासारखं होत असेल, तेही रेस देताना, तर ते वेगळं दुखणं, त्यात मिक्स्चर लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) असणं, इंजिन पुरेसं गरम नसणं, टायमिंग किंवा इनटेक व्हॉल्व्ह असं काहीही निघू शकतं. मागे सायलेन्सरमध्ये, रेस सोडल्यावर, आरपीएम खाली येताना फुटत असेल तर ते तुमचं. बोलताना दोन्हीला आपण बॅकफायरच म्हणतो, पण उपाय उलटसुलट आहेत म्हणून हे आधी बघून घ्यायचं.

आता हे होतं का. तुम्ही चाळीस-पन्नासच्या स्पीडला रेस सोडलीत, चाक इंजिनाला ढकलतंय, थ्रॉटल बंद, आत व्हॅक्यूम जबरदस्त, सिलिंडरमध्ये येणारा माल (हवा-पेट्रोल) अगदी थोडा आणि त्यात जुना जळलेला धूर मिसळलेला. असा माल प्लगनं धड पेटत नाही, त्यात तो लीन असेल तर अजूनच नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच गरम बेंड पाइपमध्ये जातं, तिथे कुठूनतरी ताजी हवा मिळाली की फट्. म्हणजे दोन गोष्टी लागतात, न जळलेलं पेट्रोल आणि हवा, आणि सायलेन्सर बदलताना बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीची सोय मिस्त्रीच करून देतो.

ती सोय म्हणजे हेडजवळचं (सिलिंडरच्या डोक्याजवळचं) गॅस्केट. बेंड पाइप जिथे हेडला लागतो तिथे एक रिंग असते, ती एकदा दाबली गेली की तिचा आकार बसून जातो, पाइप काढला की ती नवीनच टाकायची असते. शंभरातल्या किती टाकल्या जातात ते सोडा. माझ्या मित्राच्या मुलाची अशीच क्लासिक होती, सुदामानगरच्या एका गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलून आणलेली, फटाके अगदी तुमच्यासारखे. टॉर्च घेऊन खाली बसलो तर एक्झॉस्ट पोर्टच्या शेजारच्या फिन्सवर काळ्या कोरड्या काजळीचा पंखा पसरलेला, बोटाला लागेल असा. नट खोलले तर जुनी रिंग दोन तुकड्यांत हातात आली, एका कडेला चकचकीत दबलेली आणि दुसऱ्या कडेला काळीकुट्ट, म्हणजे पाइप वाकडाच बसला होता. नवीन रिंग टाकली, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे कसले, इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर परत एकदा कसले. कार्बला हातही लावला नाही आणि फटाक्यांचा मोठा भाग तिथेच गेला. जे उरले ते पायलटचे होते.

घरी बघायचं असेल तर गाडी थंड असताना स्टार्ट करा, पाइप तापायच्या आत साबणाचं पाणी ब्रशनं त्या जोडावर आणि खाली बेंड पाइप सायलेन्सरमध्ये घुसतो त्या क्लॅम्पवर लावा, बुडबुडे दिसतील. किंवा जाड ओला कपडा घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा, जोड घट्ट असतील तर इंजिन दबून बंद पडायला लागतं, गळती असेल तर पुढून फस्स ऐकू येतं. हे उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नको, तो धूर विषारी असतो. बाहेर धूर येतो म्हणजे आत हवाही जाते हे लक्षात घ्या, प्रत्येक धक्क्यानंतर पाइपमध्ये क्षणभर उलटा दाब तयार होतो आणि त्या फटीतून हवा ओढली जाते.

दुसरी हवेची वाट, जी नव्वद टक्के लोक विसरतात, ती म्हणजे पीएव्ही नावाचा हवेचा व्हॉल्व्ह. यूसीई इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये, तुमच्यासारख्या) बऱ्याच गाड्यांत एअर बॉक्सकडून एक्झॉस्ट पोर्टकडे ताजी हवा नेणारी नळी असते, प्रदूषण कमी व्हावं म्हणून कंपनीनंच दिलेली. रेस सोडली की व्हॅक्यूमनं तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, त्यासाठी एक बारीक रबरी नळी इनटेककडून आलेली असते. सायलेन्सर बदलताना ती निसटलेली, चिरलेली किंवा कुणीतरी उगाच काढून ठेवलेली असेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि नेमकं नको तेव्हा हवा सोडतो. तपासायला मोठी नळी थोडा वेळ चिमटा लावून दाबून ठेवा आणि एक चक्कर मारून या, फटाके गेले तर तुम्हाला उत्तर मिळालं. मग व्हॉल्व्ह किंवा ती बारीक नळी बदला, कायमची बुजवायची गरज नाही.

तिसरं, इनटेकची बाजू. कार्ब आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड दहा-बारा वर्षांत कडक होतो आणि खालच्या बाजूनं तडकतो, जिथे दिसत नाही. आपल्याकडे मेमध्ये बेचाळीसच्या वर जातं, रबराचं काय होणार. वाकवून बघा, क्लॅम्प कसा. गाडी आयडलिंगला असताना तिथे कार्ब क्लीनरची एक हलकी फवारणी केली आणि आरपीएम हलले तर तिथून हवा घेतेय. पाइप तापलेला असताना मात्र हे करायचं नाही, पेट घेईल.

या तिन्ही ठिकाणी सगळं घट्ट असेल तेव्हाच कार्बकडे वळा. त्याआधी एक फुकटातली टेस्ट करा, गाडी गरम असताना चोक अगदी थोडा ओढून चालवा आणि रेस सोडून बघा. फटाके कमी झाले तर मिक्स्चर लीन आहे, वाढले किंवा काहीच फरक नाही तर कारण दुसरीकडे शोधा.

स्क्रूबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, यातच सगळे गोंधळतात. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की लीन. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या व्हीएम प्रकारच्या कार्बमध्ये हवेवाला असायचा, तुमच्या सीव्ही (व्हॅक्यूमनं सुई उचलणाऱ्या) कार्बमध्ये तो इंजिनच्या बाजूला आहे, त्यावर कधी कधी पितळी टोपी ठोकलेली असते. जुनी बुलेट करत आलेला मिस्त्री सवयीनं उलटा फिरवतो, आणि मग म्हणतो हा कार्बच खराब आहे.

करायचं असं. पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. स्क्रू हळूच आत फिरवत शेवटापर्यंत न्या आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, ही मूळ सेटिंग. शेवटाला लागला की थांबा, कसू नका, टोक मोडलं तर कार्ब गेला. मग दोन फेरे बाहेर काढा, स्टार्ट करा, आयडलिंग हजाराच्या आसपास ठेवा. आता पाव-पाव फेरा बाहेर काढत जा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला वेळ लागतो. आरपीएम वाढत वाढत एका जागी सगळ्यात वर येतील आणि मग परत घसरतील. सगळ्यात वरच्या जागी आणून आयडल स्क्रूनं आयडलिंग परत जागेवर आणा, आणि मग पाव फेरा आणखी बाहेर, म्हणजे किंचित रिच. एवढ्यावर बहुतेक गाड्या शांत होतात. खात्री करायला रेस झटक्यात देऊन सोडा. आरपीएम वरच अडकून सावकाश खाली आले तर अजून लीन आहे, आयडलिंगच्याही खाली बुडून परत वर आले तर रिच झाली. दोन्ही नाही झालं तर सेटिंग बरोबर बसली.

तीन-साडेतीन फेरे बाहेर काढूनही ती उंच जागा सापडतच नसेल तर पायलट जेट एक नंबर मोठा लागतो, इथे जेट बदलायची वेळ येते. छोटी ग्वालटोलीला पार्ट्सच्या दुकानात चक्कर मारलीत तर मिळेल, जुना जेट बरोबर न्या, नंबर वाचून घ्या, नुसतं बुलेटचा द्या म्हणू नका. आणि जुना जेट तारेनं टोकरून मोठा करणारा माणूस भेटला तर गाडी घेऊन तिथून निघा, भोक अंडाकृती झालं की कुठल्याच सेटिंगवर बसत नाही.

पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये गाडी हुंदके देत असेल तर सुईकडे बघा. खाचावाली सुई असेल तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. खाचा नसतील तर अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वॉशर सुईखाली जातो. डायफ्रॅम (सुई उचलणारा रबरी पडदा) काढलाच आहे तर उजेडात धरून बघा, टाचणीएवढं भोकसुद्धा पिकअप खातं.

आणि मेन जेट? त्याचा निर्णय रस्त्यावर होतो. सकाळी सकाळी सुपर कॉरिडॉरसारखा रिकामा सरळ पट्टा, तिसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण, मग किंचितच सोडा. सोडल्यावर गाडी उलट हलकीशी पुढे ओढली तर मेन जेट लहान आहे. अडखळली तर मोठा आहे. नुसती थोडी हळू झाली तर बरोबर, हात लावू नका. फक्त सायलेन्सर बदललाय आणि एअर फिल्टर कंपनीचाच आहे अशा गाडीला बहुतेक वेळा एखादाच साइज लागतो, कधी तोही नाही. फिल्टरसुद्धा उघडा कोन टाकला असेल तर गोष्ट वेगळी, सीव्ही कार्बला तो प्रकार अजिबात मानवत नाही, माझं ऐकाल तर परत बॉक्स लावा.

प्लग दोन्ही काढून बघा, तुमच्या गाडीला दोन आहेत, लोक एकच बघतात. पांढरे फटक असतील तर लीन, कोरडी काजळी असेल तर रिच, बिस्किटाच्या रंगाचे असतील तर ठीक. एक पांढरा आणि एक काळा निघाला तर कार्ब सोडा आणि प्लग कॅप, केबल बघा, एक प्लग नीट पेटत नसेल तरी माल न जळता मागे जातो. टॅपेटची काळजी नको, यूसीईला हायड्रॉलिक आहेत. आता पंपावर ई20 मिळतं, त्यातल्या इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून जुन्या जेटवर गाडी मुळातच थोडी लीन चालते, त्यावर मोकळा सायलेन्सर, मग काय. लीन गाडी चालवत राहू नका, एअर कूल्ड इंजिन आहे, आवाजापेक्षा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनची काळजी जास्त.

लांब घाटात अधूनमधून बारीक पट-पट उरलं तर सोडून द्या. कंपनीच्या सायलेन्सरमध्येही ते थोडंफार होतच असतं, आतल्या जाळ्या आणि कॅटकॉन (धूर साफ करणारा भाग) ते गिळून टाकतात. तेवढ्यासाठी रिच करत गेलात तर पीयूसीला अडकाल, 2000 नंतरच्या फोर स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएमची मर्यादा आहे, आणि मोकळ्या सायलेन्सरमध्ये कॅटकॉन नसल्यानं तुमची आधीच तिच्या जवळ असणार. आवाजाचं चलान वेगळं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये 2019 नंतर दहा हजारापर्यंत दंड आहे. कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

एवढं करूनही फुटत असेल तर इथेच खाली लिहा, दोन्ही प्लगचे फोटो टाका, स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते आणि चोक ओढल्यावर काय होतं ते सांगा. रिंग नवीन टाकलीय की नाही हे मात्र मिस्त्रीला विचारून नका सांगू, स्वतः बघून सांगा.