वाचकांचे प्रश्न : कोरड्या उन्हाळ्यात हरणांसाठी चाऱ्याची पेरणी

प्रश्न : रानाला लागून असलेल्या माझ्या जमिनीत, साधारण अर्ध्या एकरात, मी हरणांसाठी चवळी पेरली होती. आधी एक चांगली सर येऊन गेली होती, म्हणून जमीन नांगरून भुसभुशीत केली आणि बी फोकून दिले. उगवण विरळ झाली. जी रोपे वर आली त्यांतली निम्मी आठवडाभरात वाळली आणि उरलेली हरणांनी बुडापासून खाल्ली. पाणी देण्याची सोय नाही. पुन्हा बी आणून पेरावे का, आणि पेरायचे तर काय व कसे?

उत्तर : लगेच पेरू नये. आपल्या पत्रात दोन वेगळी नुकसाने एकत्र आली आहेत. त्यांतले पहिले ओलीचे आहे आणि ते सुटल्याशिवाय दुसऱ्याकडे वळण्यात अर्थ नाही.

एका सरीने जमीन वरून गडद दिसू लागते आणि आपण फसतो. साधारण 25 मिलिमीटर पाऊस कोरड्या वाळूसर जमिनीत सुमारे 30 सेंटीमीटर, पोयट्याच्या जमिनीत 15 ते 20 सेंटीमीटर आणि भारी चिकण जमिनीत त्याहूनही कमी खोल उतरतो. त्याखाली मागच्या महिन्याचा कोरडा थर तसाच असतो. त्यातच आपण नांगरट केलीत, म्हणजे जी थोडी ओल मिळाली होती ती उलथून उन्हात वाळत घातली. पाण्याची सोय नसलेल्या पट्ट्यात पेरणीच्या तोंडावर केलेली नांगरट हे सर्वांत महाग पडणारे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची, वरच्या टोकाला आडवी मूठ असलेली लोखंडी सळई घ्यावी आणि पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी हाताच्या जोराने जमिनीत दाबावी. माती ओली असेतोवर सळई सरकत राहते आणि कोरडा थर लागला की जागीच अडते. दगडावर अडली तर खणकन आवाज येतो, कोरड्या मातीवर मात्र ती मुकाट थांबते. बहुतेक ठिकाणी सळई 45 ते 60 सेंटीमीटर सहज जात असेल, तरच खाली साठा आहे असे समजावे. त्यानंतर पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर सुटून भुगा झाला, तर तो वापसा. लाडू वळलाच नाही, तर कॅलेंडरवर कोणतीही तारीख असली तरी थांबावे.

थांबण्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. मक्याच्या दाण्याला मोड येण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषावे लागते, तर सोयाबीनला सुमारे निम्म्या वजनाइतके. म्हणजे शेंगवर्गीय बियाण्याची तहान मुळातच मोठी असते. अगदी कोरड्या मातीत पडलेले बी काही दिवस निजून राहू शकते आणि पाऊस आला की उठते. अर्धवट ओल लागलेले बी मात्र फुगते, मोड काढते आणि पुढची ओल न मिळाल्याने तिथेच मरते. आपल्या पट्ट्यात जिथे उगवण झाली नाही तिथली दोन-चार सेंटीमीटर माती खुरप्याने हलकेच बाजूला करून पाहावी. टणक, सुरकुती नसलेले बी सापडले तर अजून आशा आहे. साल फाटलेले आणि मोड तपकिरी पडलेले सापडले, तर ते बी गेले.

आता पुढची तयारी. पेरणीच्या चार ते सहा आठवडे आधी तण मारावे आणि मेलेले तण, मागच्या पिकाची धसकटे, पालापाचोळा सारे तसेच जमिनीवर पडू द्यावे. उभे तण खालच्या थरातले पाणी रोज ओढून हवेत सोडत असते, तर मेलेले तण त्याच जमिनीवर सावली धरते. हे आच्छादन न उचलता, न उलथता, त्यातच पाभरीने किंवा बिगरनांगरणीच्या पेरणी यंत्राने ओळी पाडून बी ओलीपर्यंत पोहोचवावे. चवळीसाठी अडीच ते चार सेंटीमीटर खोली योग्य आहे. पेरल्यावर ओळ उघडी राहू देऊ नये. वरून फळी किंवा रूळ फिरवून माती बियाण्याला चिकटून बसली पाहिजे, कारण बी पाणी घेते ते मातीच्या स्पर्शातून. फोकून पेरलेले आणि वरवर झाकलेले बी कोरड्या दिवसांत बहुतांशी वायाच जाते.

काय पेरावे, याचे उत्तर आपण स्वतःच अर्धे दिले आहे : चवळी. तिची मुळे खोल जातात आणि पाण्याचा ताण तिला बरा सोसतो. भर दुपारी चवळीच्या ओळीशी बसून पाहिले, तर पाने सूर्याला तोंड न देता कड देऊन उभी दिसतात, त्यामुळे ऊन अंगावर कमी पडते. ते पाहून पीक सुकले असे समजू नये. सकाळी उजाडताना पाहावे. तेव्हाही पाने मलूल असतील तरच ताण खरा. चवळीबरोबर वालही घ्यावा. वाल, पावटा म्हणून आपण ज्या कुळाला ओळखतो, तेच पीक आज जगभर चाऱ्यासाठी आणि विशेषतः हरणांसाठी पेरले जाते. केनियातल्या रोंगाई भागातून आलेला त्याचा चाऱ्याचा वाण 1962 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसारित झाला, आणि टेक्सासमध्ये 2006 मध्ये ‘रिओ वर्दे’ हा वाण खास तिथल्या हवामानासाठी दिला गेला. वाल सुरुवातीला हळू चालतो, पण एकदा मूळ धरले की कोरड्यातही हिरवा राहतो आणि खाल्ल्यावर पुन्हा फुटतो. ओळीने पेरताना एकट्या वालाचे एकरी सात ते नऊ किलो बी पुरते. बारीक बियांचे क्लोव्हर (तीन-तीन पानांचा शेंगवर्गीय चारा) मात्र या दिवसांत पेरू नये. त्याचे बी जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर खोल जाते आणि उन्हाळ्यात तो थर सर्वांत आधी वाळतो. क्लोव्हर आणि चिकोरी ही थंडीच्या तोंडावर किंवा वसंताच्या आरंभी पेरायची पिके आहेत. चिकोरीचे सोटमूळ तोवर खोल गेलेले असले, तर पुढचा उन्हाळा ती सहज काढते.

बियाण्याला रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, प्रक्रिया विसरू नये, आणि चवळी गटाचेच संवर्धन घ्यावे. तेच वालालाही चालते. हे जिवाणू जिवंत असतात. प्रक्रिया केलेले बी गाडीत तापत ठेवले, तर बी उगवते पण मुळांवर गाठी दिसत नाहीत. सावलीत बी चोळावे आणि त्याच दिवशी ओलीत पेरावे.

प्रश्न : माझ्या पट्ट्यात उगवण उत्तम झाली होती, पण दहा दिवसांत सारे साफ झाले. हरणांनी खाल्ले की सशांनी, हे कसे ओळखावे? आणि पीक वाढेपर्यंत राखावे कसे?

उत्तर : खोडाचा कापलेला भाग जवळून पाहावा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कोंब तोडते तेव्हा कड फाटल्यासारखी, धागे सुटलेली राहते. सशाचा काप धारदार चाकूने तिरका छाटावा तसा स्वच्छ असतो.

चवळी, वाल, सोयाबीन ही पिके उगवताना आपली बीजदले जमिनीवर घेऊन येतात. त्या बीजदलांच्या खाली रोप तोडले गेले तर त्याला फुटायला डोळाच उरत नाही. वर एखादी पेर उरली तर बगलेतून फुटवा येतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे हाच खरा नाजूक काळ असतो. हरणांची संख्या जास्त असेल तर एक-दोन एकरांहून लहान शेंगवर्गीय पट्टा राखणीशिवाय टिकत नाही, आणि कोरड्या वर्षी हे अधिकच खरे ठरते, कारण आजूबाजूचे रान सुकलेले असते आणि हिरवे तेवढे आपल्याच पट्ट्यात उरते.

अशा वेळी झटका मशीनवरचे दुहेरी कुंपण तात्पुरते लावावे. बाहेरच्या रांगेत जमिनीपासून सुमारे 45 सेंटीमीटरवर एक तार, आणि आत सुमारे 90 सेंटीमीटर अंतरावर दुसऱ्या रांगेत 25 व 60 सेंटीमीटरवर दोन तारा, एवढे पुरते. हरीण उंच उडी सहज मारते. परंतु उंची आणि रुंदी यांचा एकत्र अंदाज त्याला नीट येत नाही, म्हणून ते बिचकते. तार पेरणीच्या दिवशीच लावावी. एकदा पट्ट्याची चव लागली की मग लावलेल्या तारेला ती फारशी जुमानत नाहीत. कोरड्या जमिनीत भूसंपर्काचा गज पुरेसा खोल गेलेला नसेल, तर झटका बसतच नाही. गज ओलीपर्यंत ठोकावा. पीक गुडघ्याला लागून वेल पसरू लागले की तारा काढून पट्टा मोकळा करावा.

प्रश्न : ज्वारी पाण्याचा ताण सोसते, म्हणून चवळीऐवजी ज्वारीच पेरली तर? कोवळी ज्वारी विषारी असते असेही ऐकले आहे.

उत्तर : ऐकले ते खरे आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत असलेल्या घटकापासून रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि पाण्याच्या ताणात खुरटलेल्या ज्वारीत तसेच दुष्काळानंतर पाऊस पडून फुटलेल्या नव्या पोंग्यांत हा धोका सर्वाधिक असतो. भुकेल्या गुरांना अशा रानात सोडले की विषबाधा होते. हरीण एका जागी उभे राहून पोटभर ज्वारी खात नाही, निवडून निवडून खाते, म्हणून त्याला हा धोका कमी. तरीही पट्ट्यात आपली गुरे शिरत असतील, तर ज्वारी गुडघ्यावर, साधारण दोन फुटांच्या वर जाईपर्यंत त्यांना दूर ठेवावे.

चवळीऐवजी मात्र पेरू नये. हरणाचे पोट जून गवत पचवण्यासाठी घडलेले नाही. ते पाला, कोंब आणि रुंद पानांच्या कोवळ्या वनस्पतींवर जगणारे जनावर आहे. ज्वारीचा खरा उपयोग आधाराचा आणि आडोशाचा. चवळी-वालाच्या दर काही ओळींनंतर विरळ ज्वारी असली तर वेल तिच्यावर चढतात, खाल्ले गेले तरी शेंडे वर वाचतात आणि हरणांना आडोसा मिळाल्याने ती दिवसाही येतात. आडोशासाठी तागही चांगला. तोही शेंगवर्गीयच आहे आणि पुढच्या पिकाला बिवड म्हणून उपयोगी पडतो.

प्रश्न : खत किती द्यावे?

उत्तर : माती परीक्षणाशिवाय काहीच देऊ नये. शेंगवर्गीय पट्ट्याला नत्र लागत नाही. दिलेच तर ते गवताला मिळते आणि गवत चवळीचे पाणी पिते. मातीचा सामू (पीएच) 6 ते 6.5 असावा. तो कमी असल्यास चुना काही महिने आधी मिसळावा लागतो, पेरणीच्या आठवड्यात टाकलेल्या चुन्याचा या हंगामाला फायदा नाही. स्फुरद कमी निघाले तर ते मुळांसाठी जरूर द्यावे. मात्र कोरड्या जमिनीत खत बियाण्याला चिकटून पडले तर क्षारांमुळे मोड करपतो, म्हणून ते बाजूला आणि थोडे खाली पडू द्यावे.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोरड्या दिवसांत मक्याचे दाणे ओतून ठेवले तर काय बिघडते?

उत्तर : बरेच बिघडते. उन्हाळ्यात मादीला पाडसाला पाजायचे असते आणि नराच्या शिंगांची वाढ चालू असते. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी या काळात आहारात सुमारे 16 टक्के प्रथिने असावीत असे मानले जाते, आणि मक्यात ती त्याच्या जेमतेम निम्मी असतात. सवय नसलेल्या हरणाने एकदम पोटभर दाणे खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ते दगावूही शकते. शिवाय दाण्यात पाणी फार थोडे असते, तर कोवळ्या पाल्यात 70 ते 80 टक्के पाणी असते, आणि कोरड्या दिवसांत हरणाची बरीचशी तहान त्यावरच भागते.

सर्वांत मोठी चिंता रोगाची आहे. एकाच ढिगावर अनेक तोंडे आली की लाळेतून रोग पसरतो. हरणांना हळूहळू झिजवून मारणारा एक रोग 1967 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात प्रथम दिसला. तो प्रियॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच अनेक ठिकाणी दाणे टाकण्यावर कायद्याने बंदी किंवा निर्बंध आहेत. पट्टा पेरण्याआधीही आपल्या भागातल्या वनविभागाचे नियम विचारून घ्यावेत.

पट्टा म्हणजे रानाला जोड आहे, रानाची जागा तो घेऊ शकत नाही. ओल नाहीच मिळाली, तर त्या वर्षी बियाण्याचे पैसे वाचवून कडेच्या वाढलेल्या झुडपांची विरळणी करावी. जमिनीपर्यंत ऊन पोहोचले आणि तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले की हरणांना हवा असलेला पाला पेरल्याशिवाय मिळतो, आणि जुन्या मुळांवर फुटलेल्या त्या धुमाऱ्यांना कोरड्याची झळ नव्या रोपांइतकी बसत नाही.

प्रश्न : पट्ट्यात कधीच फारसे पीक दिसत नाही. हरणे खातात म्हणून, की पीकच येत नाही म्हणून?

उत्तर : पेरणी झाली की त्याच दिवशी साधारण मीटरभर व्यासाचा, कमरेइतका उंच, जाळीचा गोल पिंजरा पट्ट्याच्या मध्यावर खुंट्यांनी पक्का रोवून ठेवावा, आणि दर पंधरा दिवसांनी आतले व बाहेरचे पीक शेजारी शेजारी पाहावे. आत हिरवेगार आणि बाहेर खुंट दिसले, तर पट्टा हरणांना उपयोगी पडतो आहे, फक्त तो लहान आहे. पुढच्या वेळी क्षेत्र वाढवावे किंवा तार लावावी. आत आणि बाहेर सारखेच खुरटलेले दिसले, तर दोष हरणांचा नाही, आणि पुन्हा सळई घेऊन ओल तपासायला लागावे.